चार दशांश सेकंदांचा संशय

भाडेकरू म्हणून माझी परीक्षा झाली ती केसाच्या जाडीवर. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात मला क्वालिटी इन्स्पेक्टरची नोकरी लागली होती. जवळच एक मराठी म्हातारा वरचा मजला भाड्याने देतो असं कळलं, म्हणून गेलो. चेन्नईत घर बघायला गेलं की पहिल्या मिनिटाला लग्न झालंय का आणि मटण खाता का हे विचारतात. यांनी नावही विचारलं नाही. कपाटातून मायक्रोमीटर काढला, स्वतःच्या डोक्यावरचा एक पांढरा केस उपटला आणि माझ्यासमोर धरला. "मोजून सांगा."

मी मोजला. मग माझ्याकडे पाठ करून तोच केस त्यांनी मोजला. दोन्ही आकडे जुळले तेव्हा ते वळले आणि म्हणाले, "सरी. कधी येतां राहायला?" सरी म्हणजे तमिळमध्ये ठीक.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायला लागलो. ते मला मात्र शेवटपर्यंत 'कोल्हापूर' म्हणत आले. घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. त्यांचं मराठी ऐकताना एखादा जुना कागद तमिळ चालीत वाचून दाखवतायत असं वाटायचं. माझ्या मराठीवर त्यांचा विश्वास नव्हता. "तुमचं कोल्हापूरचं राज्य आमच्या मागून झालं," असं पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ऐकवलं. म्हणजे भाषासुद्धा आमची नंतरची, त्यामुळे बिघडलेली.

नोकरी त्यांनी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, टूलरूममध्ये केली. पण ती पोटासाठी. जीव होता तो मोटारींच्या शर्यतींत. बेंगळूर रस्त्यावर, शहराबाहेर जो ट्रॅक आहे तिथे त्यांनी तीसेक वर्षं रविवारी फुकट काम केलं. काम म्हणजे स्क्रूटिनियरचं. शर्यतीच्या आधी आणि नंतर गाड्या नियमात बसतात की नाही हे तपासायचं. कोणी हळूच इंजिनाचं माप वाढवलंय का, वजन घटवलंय का, कुठे काय चोरलंय. संशय घेणं हेच कर्तव्य, अशी कामं जगात थोडी असतील, आणि त्यातलं एक नेमकं त्यांच्या वाट्याला आलं. माणूस कामाला लागला की काम माणसाला लागलं, हे मला कधी कळलं नाही.

तपासलेला बोल्ट कोणी पुन्हा उघडू नये म्हणून स्क्रूटिनियर त्याच्यावर रंगाची एक रेघ ओढतात. बोल्ट फिरला की रेघ तुटते. मामांच्या घरात ही रेघ सगळीकडे होती. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, गॅसच्या रेग्युलेटरवर, माझ्या विजेच्या मीटरच्या पेटीवर, लोणच्याच्या बरणीवर. रंग म्हणजे नातीने टाकून दिलेलं पिवळं नेलपॉलिश. मामी म्हणायच्या, "माझ्या कपाळावर ओढले नाहींत तेवढंच." दुधाची पिशवी आली की तिचं वजन व्हायचं. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की मामा विचारायचे, "कितीदा मोजलांत? एकदाच?" मग स्वतःच हात पुढे करून आणखी दोनदा मोजायला लावायचे आणि तिन्हींची सरासरी काढायचे.

काहीही चांगलं घडलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. "सरी, पण मोजलं कोण?" मला कारखान्यात बढती मिळाली तेव्हा पेढे घेऊन खाली गेलो, तर पेढा हातात धरून त्यांनी हेच विचारलं. पेढा खाल्ला. समाधान झालं नाही.

टीव्हीवर जगभरच्या शर्यती आम्ही एकत्र बघायचो. एक कोवळा पोरगा जगज्जेता झाला तेव्हा मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. मामा पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसले होते. "दुसऱ्यांचे टायर अस्के त्याच वेळीं कसे संपले?" ते म्हणाले. अस्के म्हणजे सगळे. "आणि तें पोर एवढं शांत कां आहे? जिंकणारा माणूस शांत नसतो. लपवणारा असतो." जो जिंकतो त्याला आधी उघडून बघायचं आणि मग हार घालायचा, हा त्यांचा नियम. हरणाऱ्यांवर त्यांचं प्रेम होतं. हरणाऱ्यांनी काही लपवलेलं नसतं.

अशा माणसाची नात शर्यतीत उतरली.

मुलगा सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याला गाड्यांचं काडीचं वेड नाही. ते सगळं एक पिढी ओलांडून थेट नातीत आलं. ती लहानपणी गो-कार्ट चालवायला लागली त्याच आठवड्यात मामांनी स्क्रूटिनियरचं काम सोडलं. नात गाडी पळवणार आणि आजोबा तपासणार, हे कसं चालेल? "लोक काय म्हणतील म्हणून सोडलंत?" हे ऐकल्यावर मी विचारलं.

"लोकांचं सोडा. मीच काय म्हणेन?"

मी राहायला आलो तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि देशातल्या अजिंक्यपदाच्या शर्यतीत धावत होती. एकाच बनावटीच्या गाड्या, सगळ्यांना सारखं इंजिन, मोसमाच्या सुरुवातीला सील केलेलं. पहिल्या वर्षी ती पाचवी-सहावी यायची. मामा खूश असायचे. पाचवी आली की घरी पायसम व्हायचं, म्हणजे शेवयांची खीर.

दुसऱ्या वर्षी ती जिंकायला लागली आणि खीर बंद झाली.

शर्यतीच्या दिवशी मी मामांना माझ्या स्कूटरवर घेऊन जायचो. डब्यात मामींनी दिलेल्या इडल्या, मामांच्या खिशात जुनं स्टॉपवॉच. ते स्टँडमध्ये कधी बसायचे नाहीत. लांब सरळ पट्टा संपून जिथे उजवीकडे जोराचं वळण लागतं तिथे, कुंपणापाशी ठरलेल्या जागी उभे राहायचे. मला वाटायचं, तिथून चांगलं दिसत असेल. वळणाच्या अलीकडचा जाहिरातीचा फलक ते पलीकडची टायरांची भिंत, एवढ्यातला वेळ ते प्रत्येक गाडीचा मोजायचे. ट्रॅकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हजारांश सेकंदापर्यंत सांगते. पण ती यंत्रणा मोजलं कोण?

बाकी सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखे यायचे. नातीचा चार दशांश सेकंदांनी कमी. दर फेरीला, दर शर्यतीत. आपण पापणी लवली म्हणतो तेवढा वेळ, पण प्रत्येक फेरीला तेवढा मिळाला की शर्यत आपलीच.

"याला दोनच कारणं," मामांनी मला समजावलं. "एक, इंजिनात काही आहे. दोन, या वळणावर सगळे ॲक्सिलरेटरवरून पाय काढतात आणि ही काढत नाही."

पाय काढला की इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसतो. तो ऐकला की झालं. पण मामांचा उजवा कान टूलरूमने केव्हाच खाल्ला होता आणि डावा शर्यतींनी अर्धा. म्हणून त्यांनी माझे कान लावले. "कोल्हापूर, ऐका. पाय काढते कीं नाही?"

मी काय ऐकणार? पंधरा-सोळा गाड्या एका घोळक्यात किंचाळत येतात, त्यात एकीचा आवाज कुठे बसला आणि कुठे नाही हे ओळखायला जन्म घालवावा लागतो. मी आपला विचार केला. एवढ्या वेगात एवढं वळण, शहाणं माणूस पाय काढणारच. मी म्हणालो, "काढते."

त्यांनी वहीत टिपलं. पुढच्या फेरीला पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, "काढते." आणि मला दिसलं की हे ऐकलं की त्यांचे खांदे सैल पडतात. म्हाताऱ्याला बरं वाटतंय तर आपलं काय जातंय? त्या पूर्ण मोसमात मी दर फेरीला "काढते" म्हणत राहिलो. कारखान्यात मी एक मायक्रॉन इकडचा तिकडे होऊ देत नाही. इथे मी न ऐकता दाखला देत होतो.

पाय काढते म्हटल्यावर एकच कारण उरलं. इंजिन.

मग मामा झपाटले. नातीच्या टीमच्या मेकॅनिकच्या हातात नवं घड्याळ दिसलं, तर ते कुठून आलं? टीमचा मालक मामांना बघून हसला, तर का हसला? नमस्कार जरा जास्तच वाकून केला नाही का? एका रविवारी नात जेवायला आली तेव्हा त्यांनी तिच्या पानात आंबट वरण वाढलेलं असताना सरळ विचारलं, "इंजिनाला काय केलांत?"

ती आधी हसली. तिचं मराठी तमिळ आणि इंग्रजीच्या मधून वाट काढत यायचं. "ताता, इंजिन सील्ड आहे. तुज माहीत आहे ना?"

"सील कोण लावलं? माणूसच की."

"मग डेटा बघ. लॅपटॉप आणते."

"लॅपटॉप कोणाचा? टीमचा."

"ताता, मी चालवते," ती म्हणाली. आता हसत नव्हती. "मी चांगली चालवते, एवढं पण नाही का वाटत तुज?"

मामींनी भाताचं भांडं जरा जोरात खाली ठेवलं. "जगात एक माणूस तरी न मोजतां खरा धरा," त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी माझ्याही मनात किडा वळवळायला लागला. मामांबरोबर राहून तो रोग मलाही लागला होता. पाचवी येणारी मुलगी एका वर्षात पहिली कशी येते?

मोसमाची शेवटची शर्यत तिने जिंकली आणि अजिंक्यपदही. पण शर्यतीनंतर लागतो तो निकाल तात्पुरता असतो. अर्ध्या तासाच्या आत कोणी लेखी हरकत घेतली तर ती गाडी अडकवून ठेवतात, इंजिन उघडतात. नियमाबाहेर काही निघालं तर पद तर जातंच, वर वर्षभराची बंदी. आणि ही हरकत फक्त शर्यतीतला स्पर्धकच घेऊ शकतो. बघ्याला तो अधिकार नाही.

निकालाचा कागद लागला आणि मामा चालायला लागले. मला वाटलं, नातीकडे. ते दुसऱ्या नंबरावर आलेल्या टीमच्या तंबूकडे वळले.

मी त्यांचा हात धरला. "मामा, तुमची नात आहे ती!"

"म्हणूनच दुसऱ्याची सही पाहिजे."

त्या टीमच्या मॅनेजरला आधी थट्टा वाटली. त्याने तमिळमध्ये दोनदा विचारलं, तुमच्या नातीविरुद्ध? तुम्ही? मग त्याचा चेहरा उजळला आणि त्याने पेन शोधलं. अर्ज मामांनी स्वतः सांगितला, कुठलं कलम, कोणते भाग तपासायचे, सगळं तोंडपाठ. मी बाजूला उभा होतो. तो कागद हिसकावून फाडावा असं मला वाटत होतं आणि मी काही केलं नाही.

बक्षीस समारंभ थांबला. बातमी तंबूतंबूंतून आमच्यापुढे पळाली. नात गाडीजवळ उभी होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले, हेल्मेट काखेत. तिने अर्जावरची सही पाहिली, मग मामांकडे पाहिलं.

"ताता, तू?"

मामांनी नजर चुकवली नाही. ती वळून आत गेली.

मी मामींना फोन केला, यायला उशीर होईल म्हणून. त्यांना मुलाकडून आधीच कळलं होतं. "त्यांना सांगा," मामी म्हणाल्या, "आज मी वर तुमच्या खोलींत राहते. तुम्ही खालीं राहा त्यांच्याबरोबर."

इंजिन थंड होईपर्यंत थांबावं लागतं. मग शेडमध्ये मधोमध टेबल, वर दिवे, एका बाजूला दोन्ही टीमची माणसं आणि दाराशी मामा. मुख्य स्क्रूटिनियर मामांच्याच हाताखाली तयार झालेला. मामांना आत येऊ द्यायचा अधिकार त्याला नव्हता, पण अडवायचं धैर्यही नव्हतं. त्याने आधी सीलचे नंबर ताडून पाहिले. बरोबर. सील कापलं, इंजिनाचं हेड काढलं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजला.

"नियमात," तो म्हणाला.

"परत," मामा दारातून म्हणाले.

त्याने परत मोजला. नियमात. मग कॅम, व्हॉल्व्ह, हेडमधली जागा थेंब थेंब तेल सोडून. एकेक आकडा फळ्यावर चढत होता आणि नातीच्या टीमची माणसं सैल होत होती. मी मामांकडे बघत होतो. आता त्यांना लाज वाटेल, किंवा हायसं तरी वाटेल, असं मला वाटलं होतं. तसं काहीच नव्हतं. प्रत्येक बरोबर आकड्यागणिक त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"कोल्हापूर, तुम्ही जवळ जाऊन बघा. गेज नीट धरतात का?"

गेलो. पाहिलं. माझ्या कारखान्यातही इतकं नीट कोणी धरत नाही. तसं सांगितलं.

"परत मोजायला सांगा."

तिसऱ्यांदा बोअर मोजून झाला तेव्हा त्या शिष्याने गेज खाली ठेवला आणि मामांना हात जोडले. "सार, पोदुम्." पुरे. मग त्याने निकालावर सही केली. इंजिन निर्दोष, अजिंक्यपद कायम.

बाहेर आरडाओरडा झाला, कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. मामा शेडच्या मागे जाऊन रचून ठेवलेल्या जुन्या टायरांवर बसले. मी त्यांच्याजवळ गेलो. सूर्य कलला होता. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

नात आम्हाला शोधत आली. गळ्यात हार होता, डोळे रडून सुजलेले. भांडायचं ठरवूनच आली होती. "आता तरी?" ती म्हणाली. "आता तरी खरं वाटतं?"

मामांनी तिला विचारलं, "त्या वळणावर तूं पाय काढत नाहीस?"

"नाही."

"एकदाही?"

"काढला तर जिंकणार कशी, ताता?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगून टाकलं. मला कधीच काही ऐकू आलं नव्हतं, काढत असेलच असं धरून मी बोलत होतो, आणि तुम्हाला ते ऐकून बरं वाटायचं म्हणून बोलत राहिलो. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी फक्त मान हलवली, त्यांना ते आतून कधीचंच माहीत असल्यासारखी.

"त्या वळणावर मी तीनदा धावत गेलों आहे," ते नातीला म्हणाले. "पहिला पोचलेला मीच. तिन्ही गाड्या सकाळीं मीच तपासलों होतों. अस्कं नियमात होतं. गाड्या पुढें दुरुस्त झाल्या."

पुढचं विचारायची गरज नव्हती.

"वाटलं, इंजिनात चोरी निघेल," ते म्हणाले. "आज दिवसभर देवाकडे तेंच मागत होतों. चोरी निघाली असती तर वर्षभर घरीं बसली असतीस. माझ्या तोंडावर थुंकली असतीस, चाललं असतं."

ती तशीच उभी राहिली. भांडण तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं. "मग सांगायचं होतंस ना मज," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर असं कशाला? सांगायचं होतंस, भीती वाटते म्हणून."

"सांगट्लों असतों तर पाय काढली असतीस?"

तिला खोटं बोलता आलं असतं. मी तिच्या जागी असतो तर बोललो असतो, आणि त्या वर्षी मला त्याची सवयही झाली होती. तिने विचार केला.

"नाही," ती म्हणाली.

मामांनी तिला हाताला धरून शेजारच्या टायरांवर बसवलं. मग ते स्वतः खाली जमिनीवर बसले, गुडघ्यांचा त्रास असताना, आणि तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. "ताता, काय हे, ऊठ, लोक बघतात," ती म्हणत होती. त्यांनी बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला. सकाळपासून आवळलेला तो पाय लाल झाला होता. दोन्ही हातांत तो पाय घट्ट धरून ते बसून राहिले, आणि बक्षिसासाठी पुन्हा पुन्हा तिच्या नावाचा पुकारा होत असूनही त्यांनी तो बराच वेळ सोडला नाही.